ब्रह्मदेवाचा दिवस आणि पंचवीस कोटींचा फरक



आजचा श्लोक: भगवद्गीता, अध्याय ८, श्लोक १७.

थोडक्यात अर्थ असा. ब्रह्मदेवाचा एक दिवस हजार युगांचा असतो आणि रात्रही तेवढीच. ज्यांना हे कळलं, त्यांनाच दिवस-रात्र खऱ्या अर्थाने कळली. इथे युग म्हणजे चतुर्युग धरतात. पुराणांच्या हिशेबाने एक चतुर्युग ४३,२०,००० वर्षांचं, म्हणजे ब्रह्मदेवाचा दिवस झाला ४३२ कोटी वर्षांचा.

या आकड्यावरून माझी एक चूक झाली होती. आज तीच सांगायची आहे.

गेल्या दिवाळीत मी शेवगावला घरी होतो. फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड आला: पृथ्वीचं वय साधारण ४५० कोटी वर्षं आणि ब्रह्मदेवाचा दिवस ४३२ कोटी, म्हणजे ऋषींना सगळं आधीच माहीत होतं. मी त्याला छान डिझाइन केलं, मागे सूर्य आणि ग्रह टाकले, खाली 'जवळपास सेम!' असं लिहिलं आणि स्टेटसला ठेवलं. रात्रीपर्यंत शंभरेक जणांनी पाहिलं. 'अभिमान वाटतो' असे रिप्लाय आले. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

जेवणं झाल्यावर गच्चीवर बसलो होतो. भाची आली. नववीत आहे.

"मामा, ते ४५० कोटी नेमके आहेत का अंदाजे?"

"अंदाजे गं."

"मग नेमके किती?"

शोधलं. सूर्यमालेतल्या सगळ्यात जुन्या घन कणांचं वय ४५६.७ कोटी वर्षं.

"म्हणजे पंचवीस कोटींचा फरक. एवढ्या काळात डायनोसॉर आले, गेले आणि मग माणूसही आला. आणि तू लिहिलंयस जवळपास सेम."

मी म्हणालो, "अगं, एवढ्या जुन्या गोष्टीत थोडं इकडेतिकडे होणारच." पण म्हणतानाच कळत होतं, की मी पळवाट काढतोय. कारण तो आकडा कसा काढतात, हे मला माहीत होतं.

आपल्या पायाखालचा दगड हे वय सांगू शकत नाही. शेवगावच्या काळ्या मातीखाली बेसाल्ट आहे, दख्खनच्या लाव्हाचा. तो साधारण ६.६ कोटी वर्षांचा, म्हणजे या हिशेबात अगदी कालचा. पृथ्वी स्वतःचे जुने दगड सतत वितळवत आणि झिजवत आली. जुनी नोंद शिल्लक राहिली ती आकाशातून पडणाऱ्या दगडांत. २२ मे २०१२ ला दुपारी आपल्या नागपूर जिल्ह्यातल्या काटोलला असे दगड पडले होते. मोठा आवाज झाला आणि गावात तुकडे सापडले. ती उल्का कोंड्राइट नावाच्या जातीची. ज्या कच्च्या मालातून ग्रह बनले, त्याच मालाचे हे उरलेले तुकडे. १९६९ मध्ये मेक्सिकोत पडलेली आयेंदे उल्काही कोंड्राइटच, थोड्या वेगळ्या प्रकारची. ४५६.७ कोटींचा आकडा आयेंदेसारख्या उल्कांतल्या पांढुरक्या कणांवरून आला. युरेनियम ठरलेल्या गतीने शिशात बदलत जातं. युरेनियम-२३८ निम्मं व्हायला सुमारे ४४७ कोटी वर्षं लागतात. कणात कोणतं शिसं किती साठलंय हे मोजलं, की वय निघतं. त्यात चूक असलीच तर फार तर दहा-वीस लाख वर्षांची. पंचवीस कोटींची नाही.

ते कण तयार झाले तेव्हा इथे वायू आणि धुळीचा एक प्रचंड ढग स्वतःच्याच वजनाने आत कोसळत होता. आकसताना तो जोरात फिरू लागला आणि चपटा झाला. बहुतेक सगळा माल मध्यभागी गेला. आज सूर्यमालेच्या वस्तुमानापैकी ९९.८ टक्क्यांहून जास्त एकट्या सूर्यात आहे. उरलेल्या तबकडीत धूळ धुळीला चिकटत गेली. जिनिंगमध्ये कापसाचे उडणारे तंतू कोपऱ्यात जमून गोळे होतात ना, सुरुवात तशीच. कणांचे खडे, खड्यांचे डोंगर, आणि डोंगर एकमेकांवर आदळून ग्रह. सूर्याजवळच्या उष्णतेत फक्त दगड आणि धातू टिकले, म्हणून बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ खडकाळ. लांब थंडीत बर्फही होता, त्यामुळे गुरूचा गाभा पटकन मोठा झाला आणि त्याने वायू ओढून घेतला. पृथ्वी पूर्ण व्हायला काही कोटी वर्षं गेली.

हे सगळं भाचीला सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग काल सत्यनारायणाच्या पूजेत गुरुजी संकल्पात काय म्हणाले? कुठलातरी कल्प आणि मन्वंतर?"

इथे मी पुरता अडकलो. संकल्पात आपण सांगतो, की श्वेतवाराह कल्प चालू आहे, सातवं वैवस्वत मन्वंतर, अठ्ठाविसावं चतुर्युग. हिशेब केला तर ब्रह्मदेवाच्या आजच्या दिवसाची १९७ कोटी वर्षं झाली आहेत. म्हणजे ४३२ कोटी हे गेलेल्या काळाचं माप नाहीच, ती पूर्ण दिवसाची लांबी आहे. माझं स्टेटस विज्ञानाला तर धरून नव्हतंच, पण आपल्याच परंपरेलाही धरून नव्हतं. ज्या शास्त्राचा अभिमान दाखवत होतो, ते मी नीट वाचलंही नव्हतं.

कुणी म्हणेल, यात वाईट काय? चार पोरं यामुळे गीता उघडतील. मलाही तेच वाटायचं. पण त्या चारांतलं एक पोर माझ्या भाचीसारखं आकडा तपासणार. फरक दिसला की ते फॉरवर्ड टाकून देईल, आणि सोबत गीताही. आणि दुसरं जास्त टोचणारं. श्लोकाखाली मला विज्ञानाची सही हवी होती. म्हणजे माझा विश्वास त्या सहीवर जास्त होता, श्लोकावर कमी. उद्या मोजमाप सुधारलं तर मी श्रद्धाही अपडेट करणार का?

आपल्याला हे खरंतर कळतं. ज्ञानेश्वरी लिहिली गेली ती आमच्या शेजारच्या तालुक्यात, नेवाशाला. तिच्या शेवटी पसायदानात माऊलींनी ताप नसलेल्या सूर्याचा दृष्टांत दिलाय. तो सज्जनांसाठी आहे, हे लहान मुलालाही समजतं. सूर्य दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजन जाळतो म्हणून माऊली चुकले, असं कुणी म्हणत नाही. मग आठव्या अध्यायालाच फिजिक्सच्या पेपरला का बसवायचं?

कौतुक जरूर करावं, पण खरं. १६५० मध्ये आयर्लंडचे आर्चबिशप अशर यांनी जगाची सुरुवात इ.स.पूर्व ४००४ मध्ये धरली होती. त्याच्या कितीतरी आधी आपल्याकडे लोक न घाबरता कोटींत विचार करत होते. ही झेप मोठीच आहे. ती मोजणी नव्हती, एवढं मान्य केलं तर झेप लहान होत नाही.

आता पुढचे तीन श्लोकही वाचा. दिवस उगवला की सगळं प्रकट होतं, रात्र झाली की सगळं विरतं, आणि या दोन्हींपलीकडे न विरणारं काहीतरी आहे. एवढा मोठा आकडा दिलाय तो आपली पकड सैल व्हावी म्हणून. ईएमआय, अप्रेझल, शंभर व्ह्यूज, हे सगळं त्या दिवसातल्या किती क्षणांचं? सूर्यही निम्मा जळून झालाय, आणखी साधारण ५०० कोटी वर्षं. त्यालाही रात्र आहे. श्लोक खरा वाटायला मला एवढं पुरलं. त्यासाठी आकडे जुळवायची गरज पडली नाही.

त्याच रात्री स्टेटस काढलं आणि ग्रुपवर लिहिलं, "माझी चूक झाली, हे आकडे जुळत नाहीत." दोन काका नाराज झाले. एकाने लिहिलं, "जास्त शिकलास." आईने फक्त नमस्काराचा इमोजी टाकला. भाची म्हणाली, "आता आठवा अध्याय मला पहिल्यापासून वाचून दाखव." दुसऱ्या दिवशी सुरुवात केली.

आजचा छोटा प्रयत्न: सतराव्या अध्यायातला पंधरावा श्लोक वाणीच्या तपाबद्दल आहे. बोलणं खरं असावं, गोड असावं, हिताचं असावं आणि कुणाला त्रास देणारं नसावं. आज देवाधर्माबद्दलचं काहीही फॉरवर्ड करण्याआधी त्यातलं पहिलंच तपासून बघा, खरं आहे का? नसेल तर थांबा. देवाला आपल्या खोट्या साक्षीची गरज नाही.

रामकृष्ण हरी!