गव्हाणीतील पेंढा

सन १२२३ मध्ये असिसीच्या संत फ्रान्सिसने ग्रेच्चो गावी खऱ्या बैल-गाढवासह नाताळची गव्हाणी मांडली. मावळात, वराळ्याच्या आसपास, नाताळपूर्वीच भातकापणी उरकते. म्हणून आम्हांला गव्हाणीसाठी पेंढा सहज मिळतो. घरावर तारा लागतो, करंज्यांची ताटे शेजारी जातात आणि रीतीप्रमाणे भरूनच परततात. भेटवस्तूंचेही तसेच. ही देवघेव गोड आहे; तिने शेजारधर्म टिकतो. परंतु तिला दान म्हणावे काय? प्रभूने तर परतफेड करू न शकणाऱ्यांनाच मेजवानीस बोलवावयास सांगितले. ज्या मजुराने भात कापून पेंढा बांधला, त्याला आमच्या पंगतीत स्थान नसेल, तर सजविलेली गव्हाणी रिकामीच म्हणावी लागेल.