आश्रयाचे गाव

आयझेनश्टाट ही ऑस्ट्रियातल्या बुर्गेनलांड प्रांताची राजधानी. वस्ती जेमतेम पंधरा हजारांची. व्हिएन्नाहून तासाभरात पोचता येते आणि मुख्य रस्ता रमतगमत चाललात तरी लवकरच संपतो. खरे तर राजधानीचा हा मान शेजारच्या शोप्रोनला मिळायचा होता. पहिल्या महायुद्धानंतर हंगेरीची पश्चिमेकडची, मुख्यतः जर्मन बोलणारी पट्टी ऑस्ट्रियाच्या वाट्याला आली. पण डिसेंबर 1921 मध्ये शोप्रोन आणि भोवतालच्या गावांत सार्वमत झाले आणि सुमारे 65 टक्के मते हंगेरीच्या बाजूने पडली. प्रांत राहिला, राजधानी गेली. शेवटी 1925 साली आयझेनश्टाटवर शिक्कामोर्तब झाले.

पण गावाचा थाट सरकारी कचेऱ्यांमुळे नाही, तो एस्टरहाझी या हंगेरियन सरदार घराण्याचा आहे. त्यांचा पिवळसर रंगाचा भव्य वाडा गावाच्या मानाने इतका मोठा, की वाड्यासाठी गाव वसवले असावे असे वाटते. याच घराण्याच्या चाकरीत 1761 साली जोसेफ हायडन रुजू झाला. त्याचा करारनामा मुळातून वाचण्यासारखा आहे. पांढरे मोजे घालावेत, केसांना पावडर लावावी, रोज दुपारच्या आधी आणि नंतर दिवाणखान्याबाहेर हजर राहून आज संगीत हवे का ते विचारावे, आणि जे रचले जाईल त्याची नक्कल परवानगीशिवाय कुणालाही देऊ नये! रचनांवरची ही मालकी 1779च्या नव्या करारात सुटली, तोवर अठरा वर्षे उलटली होती.

त्याची 1772 सालची 'निरोपाची' सिंफनी याच चाकरीतून आली. राजेसाहेबांचा मुक्काम दलदलीकाठच्या एस्टरहाझाच्या नव्या महालात लांबला होता आणि बहुतेक वादकांची बायकापोरे इकडे आयझेनश्टाटला. शेवटच्या भागात एकेक वादक आपली मेणबत्ती विझवून उठून जातो, उरतात फक्त दोन व्हायोलिने. राजेसाहेबांना इशारा कळला म्हणतात. ही गोष्ट रसिक धन्याचे कौतुक म्हणून सांगितली जाते. मला त्या कौतुकात भाग घेता येत नाही. घरी जाण्याची रजा मागायला युरोपातल्या एका थोर संगीतकाराला अख्खी सिंफनी रचावी लागली. सुंदर झाली हे खरेच, पण होता तो अर्जच.

वाड्यापासून हाकेच्या अंतरावर उंटरबर्ग, म्हणजे जुनी ज्यू वस्ती. सम्राट लिओपोल्डने 1670च्या सुमारास व्हिएन्नातून ज्यूंना हाकलले, तेव्हा एस्टरहाझींनी आपल्या मुलखात त्यांना जागा दिली. धर्मादाय म्हणून नव्हे. संरक्षणाबद्दल रीतसर पैसे वसूल होत. रस्त्याच्या तोंडाशी दगडी खांबाला जाड कड्यांची लोखंडी साखळी अजून आहे. शब्बाथच्या दिवशी ती आडवी ओढली की गाड्याघोडे बंद. एका लहान वस्तीला आठवड्यातून एक दिवस आपला रस्ता आपल्या नियमाने चालवता येई. विकतच्या आश्रयात एवढी मोकळीक बसू शकते, हे ती साखळी पाहिल्यावर पटते.

पुढे 1867 साली हंगेरीत ज्यूंना समान नागरी हक्क मिळाले. आश्रयाची गरज संपली, असे कुणालाही वाटले असते. मार्च 1938 मध्ये ऑस्ट्रिया नाझींच्या हाती गेला आणि वर्ष सरण्याआधी उंटरबर्गमधून ज्यूंना हाकलून लावले गेले. सरंजामशाही बरी होती असा याचा अर्थ कुणी काढू नये. आश्रय देणारा लहरी असतोच. पण हक्क राखायलाही कुणीतरी उभे राहावे लागते. ते काम शेजाऱ्यांचे होते, आणि गाव लहान असल्याने सगळेच शेजारी होते. व्हिएन्ना दरबारचा ज्यू सावकार झामसन वेर्टहाइमर याच्या इथल्या घरातले खासगी प्रार्थनास्थळ तेवढे वाचले. आता तिथे ज्यू संग्रहालय आहे.

हायडनची कबर बेर्गकिर्श या चर्चमध्ये आहे. 1809 साली तो व्हिएन्नात वारला, तेव्हा कवटीवरून प्रतिभा ओळखता येते असे मानणाऱ्या दोघांनी कबरीतून त्याचे डोके पळवले. त्यातला एक एस्टरहाझींचाच माजी कारकून. 1820 साली अवशेष आयझेनश्टाटला आणायची वेळ आली तेव्हा चोरी उघडकीस आली. राजेसाहेबांनी तगादा लावल्यावर त्यांना भलतीच कवटी देण्यात आली. खरी कवटी 1954 साली धडाशेजारी आली. भलतीही काढली नाही. त्यामुळे एस्टरहाझींनी बांधलेल्या त्या समाधीत हायडनबरोबर कुणी एक अनोळखी माणूसही आहे, तोही त्यांच्याच आश्रयाला.