शेवटचे पान

परमार्थाला लागलेल्या माणसाने जिभेला आवर घालावा, असे आपण कीर्तनात वरचेवर ऐकतो. आणि ते खोटे नाही. एकादशीला दुप्पट खाणाऱ्याची थट्टा तर म्हणीतच झाली आहे. परंतु आमच्या बोदवड भागात आखाजी जवळ आली, की हाच उपदेश ऐकून उठलेली मंडळी घरी जाऊन विचारतात, "काय माय, यंदा मांडे किती पायल्यांचे?" याला ढोंग म्हणावे काय? आईच्या हातचे फुणके, आजीच्या हातचे मांडे यांची आठवण केस पिकले तरी जात नाही. ती आसक्ती म्हणून टाकून द्यावी, की प्रेमाची खूण म्हणून जपावी? प्रश्न स्वयंपाकघरातला दिसतो, पण साधकाने विचार करावा असा आहे.

आधी शास्त्र पाहू. गीतेच्या 17व्या अध्यायात भगवंतांनी आहाराचे तीन प्रकार सांगितले आहेत. तिथे सात्त्विक अन्न बेचव असावे असे कुठेही म्हटलेले नाही. उलट ते रसाळ असावे, स्निग्ध असावे, मनाला आवडणारे असावे, असे म्हटले आहे. म्हणजे आमच्या फुणक्यांना भगवंतांची आडकाठी नाही! तूरडाळ भिजवून जाडसर वाटायची, तीत जिरे, मिरची, कोथिंबीर घालून मुटके वळायचे, वाफवायचे, आणि पातळ कढीत कुस्करून वर तेलाची धार सोडायची. दिवसभर कपाशीत वाकून आलेल्या माणसाला रात्री हे ताट मिळाले, की त्याचा जीव थाऱ्यावर येतो. मग तो टाळ घेऊन देवळात जाऊन बसतो. पोट निवलेल्या माणसाचे भजनही निवांत होते. फार तिखट अन्न मात्र त्याच अध्यायात राजसात टाकले आहे. तिथे आम्हा खानदेशी माणसांची जरा अडचण आहे, ती असो.

तेव्हा चव हा काही दोष नव्हे. मग बंधन कुठे पडते? ते चवीत नाही, ते हक्कात पडते. ‘मला आवडतं’ इथवर ठीक. ‘मला आवडतं म्हणून ते गरम, आत्ता, माझ्यापुढे यावं’ असे झाले, की जीभ धनी झाली आणि घरातले एक माणूस तिचे वेठबिगार झाले.

हे नीट समजायला मांडे कसे होतात ते पाहावे. गहू ओलवून दळायचे, पीठ वस्त्रगाळ करायचे, ते मळून मळून, आपटून आपटून इतके चिवट करायचे की हातावर तोलले तर चहूकडून ताणावे पण फाटू नये. हरभऱ्याच्या डाळीचे पुरण आदल्या रात्रीच वाटून ठेवायचे. मग पालथ्या खापराखाली पऱ्हाट्यांचा जाळ, आणि दोन्ही हातांवर फिरवत फिरवत रुमालाएवढा केलेला मांडा अलगद त्यावर टाकायचा. ही सगळी कसरत वैशाखात, जेव्हा आमच्याकडे पारा 44-45 अंशांपर्यंत चढतो. आपण आमरसात मांडा बुडवून ‘वा’ म्हणतो, तेव्हा आत चुलीपुढे कोणाचा तरी पदर घामाने भिजलेला असतो. आणि ती जेवते कधी? सर्वांची पाने उठल्यावर. खापर निवलेले, मांडा वातड झालेला, रस संपत आलेला.

त्याच 17व्या अध्यायात पुढे तामस अन्न कोणते ते सांगितले आहे. शिजवून प्रहर उलटलेले, रस गेलेले, उरलेसुरले. सज्जनहो, ही लक्षणे आपल्या घरातल्या शेवटच्या पानाशी ताडून पाहा. जिने सात्त्विक अन्न रांधले तिच्या वाट्याला रोज तामस अन्न, आणि ते खाऊनही तिची वृत्ती सात्त्विकच राहते, हे तिचे थोरपण. पण वाटणी करणाऱ्यांचे काय? केवळ स्वतःसाठी शिजवतात ते पाप खातात, असे गीतेने तिसऱ्या अध्यायात सांगितले. दुसऱ्याकडून शिजवून घेऊन त्यालाच मागे ठेवतात, त्यांचा हिशोब आपणच करावा.

मांड्यांची गोष्ट निघाली म्हणजे आमच्या मुलखाला मुक्ताई आठवायचीच. बोदवडाहून मुक्ताईनगर, जुने एदलाबाद, हाकेच्या अंतरावर. तापीकाठी ती गुप्त झाली ते शके 1219, म्हणजे इ. स. 1297. वैशाख वद्य दशमीचा तिचा सोहळा आखाजीनंतर तिसऱ्या आठवड्यातच येतो. तिची मांड्यांची कथा कोणाला ठाऊक नाही? निवृत्तिनाथांना मांडे खावेसे वाटले. मुक्ताई खापर आणायला कुंभाराकडे गेली, तर विसोबा चाटीने कोणी तिला खापर देऊ नये असा धाक घातलेला. पोर रडत घरी आली. तेव्हा ज्ञानोबांनी योगाग्नीने आपली पाठ तापवली आणि म्हणाले, भाज यावर.

ही कथा सांगताना आपण योगसामर्थ्यावर घटकाभर बोलतो आणि पुढे जातो. मला त्यात दुसरेच काही दिसते. मांडे खावेसे वाटले म्हणून निवृत्तिनाथांना कोणी जिभेचा लंपट म्हटले नाही. इच्छा निर्मळ होती. पण ती इच्छा पुरी व्हायची वेळ आली, तेव्हा जेवणाऱ्यांपैकी एकाने चुलीचा ताप स्वतःच्या अंगावर घेतला. भाजणारी एकटी भाजली नाही. आणि ज्या विसोबांनी खापर अडवले, ते शेवटी त्याच अन्नाच्या उष्ट्यासाठी धावले व खेचर झाले, असेही सांगतात. त्या मांड्यांत पुरणापेक्षा अधिक काही असल्याशिवाय का हे घडले?

कोणी म्हणतील, ही तर बाईची सेवाच आहे, तिचे पुण्य तिला मिळू द्या. या बोलण्यात भक्ती कमी आणि सोय जास्त. जनाबाईची कथा घ्या. देवाने तिच्या सेवेचे नुसते कौतुक केले नाही. तो जात्याच्या खुंट्याला हात लावून बसला. कोणी म्हणतील, ही रीत पूर्वापार चालत आली. पूर्वापार काय आहे? उपवासाचा साबुदाणा आपल्याकडे ज्या कंदाचा होतो तो कंद दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा आणि मिरचीही तिकडूनच आली. ज्ञानोबांच्या घरात यातले काहीच नव्हते. ताटातले एवढे पदार्थ बदलले ते आपण मुकाट्याने पत्करले. मग पंगतीचा क्रम तेवढा बदलू नये?

आणि बदलता येत नाही असेही नाही. सप्ताहाची सांगता होते, भंडारा लागतो, तेव्हा वरण-बट्टी आणि वांग्यांची घोटलेली भाजी करायला कोण उभे असतात? गावचे गडीच. मणामणाचे पीठ मळतात, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात बट्ट्या भाजतात, कमरेला उपरणे बांधून ‘घ्या माउली, घ्या’ म्हणून वाढतात, आणि सगळा गाव जेवला की मग स्वतः बसतात. तिथे कोणाची मान खाली जात नाही. तोच माणूस घरचा उंबरा ओलांडला की पाण्याचा तांब्यासुद्धा हाक मारून मागतो. देवळात जी सेवा तीच घरात कमीपणा कशी होते, हे मला आजवर कोणी पटवून दिलेले नाही.

आखाजीला लेक माहेरी येते, झोक्यावर बसते, गाणी म्हणते. तिला कोणी उठवत नाही. उठवूही नये, वर्षाचा विसावा आहे तिचा. घरची सूनही त्या दिवसांत आपल्या माहेरी गेलेली असते. मग खापरापाशी उरते ती म्हातारी माय. ओट्यावर मुलगे आणि जावई गप्पा मारीत बसलेले असतात. त्यांच्यापैकी एकाने पऱ्हाट्या सारायला बसावे, एकाने ताट घ्यावे. "अरे, तुम्ही बसा, मी खाईन मागून," असे ती म्हणेलच. म्हणू द्यावे, आणि मांडा गरम आहे तोवर रसाची वाटी भरून तिच्यापुढे ठेवावी.