मग अंगठा कशाला?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी गेला होता, शिवारात ज्वारी पोटऱ्यात येऊ लागली होती, आणि अशा दिवसांत एक अमेरिकन मुलगी आमच्या गावी येऊन उतरली. वय अवघे वीस. बी. ए. अजून व्हायची होती. विषय 'आशियाई अभ्यास'. पुण्यात काही महिने मराठी शिकून ती जात्यावरच्या ओव्यांवर संशोधन करायला आली होती. तिचे मराठी इतके शुद्ध की दावणीच्या गाईलाही ती 'अहो, जरा सरका' म्हणे. मी कादंबऱ्या लिहितो, म्हणून गावाने दुभाषा म्हणून मला तिच्या हवाली केले.

खरे सांगतो, मला हसू आले होते. मी शाळामास्तर; माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबलेले. संशोधन म्हणजे केस पांढरे झाल्यावर करायचे काम, अशी माझी समजूत. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये सुरू झाले आणि १९६६ मध्ये पुरे झाले. विद्वानांच्या पिढ्या त्यात खपल्या. आणि ही पोर चार महिन्यांत संशोधन करणार!

पण तिकडची रीतच तशी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेला आशियाची एकाएकी गरज वाटू लागली. १९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक सोडला, त्या धास्तीने १९५८ मध्ये तिथे कायदा झाला आणि परक्या भाषा शिकवायला सरकारी पैसा वाहू लागला. १९६२ पासून तर आपल्याला विकलेल्या गव्हाच्या रुपयांतून इकडची पुस्तके विकत घेऊन तिकडच्या ग्रंथालयांत जाऊ लागली. रेशनच्या रांगेत उभ्या राहिलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना हे कुठे ठाऊक होते? ही सोय काही आपल्या प्रेमापोटी झाली नव्हती. पण वाट कोणी का बांधेना, तिच्यावरून चांगली माणसेही चालतात. एलिनॉर झेलिएट यांनी डॉ. आंबेडकरांच्या चळवळीवर १९६९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात प्रबंध लिहिला आणि पुढे कितीतरी वर्षे मिनेसोटातल्या कार्लटन कॉलेजात अशाच विशीतल्या मुलांना हिंदुस्थानचा इतिहास शिकवला.

असो. आमच्या आळीत एक आजी होत्या. त्यांच्या ओव्या पंचक्रोशीत नावाजलेल्या. आम्ही दोघे त्यांच्या ओसरीवर जाऊन बसलो, आणि ओव्यांच्या आधी मुलीने पिशवीतून एक कागद काढला. तिच्या कॉलेजचा नियमच होता, की ज्याला प्रश्न विचारायचे त्याची लेखी संमती आधी घ्यायची. मी तो मराठी तर्जुमा वाचून दाखवला : 'सदर संशोधनात सहभागी होण्यात आपणांस कोणताही धोका नाही.'

आजींनी पदराला हात पुसले आणि विचारले, "धोका न्हाई, मंग अंगठा कशाला?"

मुलगी माझ्याकडे पाहू लागली, मी मुलीकडे.

या कागदाचीही एक हकीकत आहे. अमेरिकेत टस्कीगी नावाच्या गावी १९३२ पासून १९७२ पर्यंत, चाळीस वर्षे, गरीब काळ्या माणसांचा गरमीचा रोग डॉक्टरांनी नुसता पाहत ठेवला. औषध निघाल्यावरही दिले नाही आणि रोग्यांना खरे सांगितलेही नाही. ते उघडकीला आल्यावर १९७४ मध्ये कायदा झाला आणि संशोधकाने माणसाला आधी विचारावे, हा दंडक पडला. म्हणजे कागद गरिबाच्या रक्षणासाठीच निघालेला. पण आजींना टस्कीगी कुठून माहीत असणार? आमच्यापासून चार कोसांवर सुपे आहे. तिथे १२ मे १८७५ रोजी, भर बाजारच्या दिवशी, कुणब्यांनी सावकारांच्या घरांतले कर्जरोखे बाहेर काढून जाळले होते. निशाणी करून दिलेल्या कागदाने जमीन जाते, हे आमच्याकडे बाळकडूतूनच मिळते. एक कागद बांधणारा, एक राखणारा. अंगठ्याला शाई मात्र तीच लागते.

पुढचे कलम त्याहून अवघड निघाले. 'आपले नाव गुप्त ठेवण्यात येईल.'

"का म्हून? ओव्या काय चोरल्यात म्या?" आजी उसळल्या.

यावर मुलगी खरोखर निरुत्तर झाली. पुण्याला गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांना हाताशी धरून लाखावर ओव्या जमवल्या, त्यांत गाणारणीचे नाव आणि गाव जपले, हे तिने वाचले होते. तिने त्याच रात्री आपल्या प्राध्यापकांना लिहिले. आठ दिवसांनी नाव घालायची परवानगी आली, तेव्हा कुठे आजींनी अंगठा उठवला.

ओव्या मात्र बसून सांगता येईनात. गिरणी आल्यापासून जाते परसात पालथे पडले होते. "हात फिरल्याबिगर त्वांड कसं उघडंल?" आजी म्हणाल्या. मग जाते उचलून आणले, खुंटा ठोकला, आणि मुलगी समोर बसून दळू लागली. तिच्या तळहाताला फोड आले, पण ओव्या येत राहिल्या. तिसऱ्या दिवशी लेकीची ओवी आली आणि आजींचा हात थांबला. तिथेच, खुंटा धरून, त्यांनी विहिरीत गेलेल्या आपल्या थोरल्या लेकीची सारी कथा सांगितली. मी तर्जुमा करीत गेलो, मुलगी लिहीत गेली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. "आजी, काल लेकीचं सांगितलंत, ते मी लिहू का?"

"नगं बाई. ते म्या जात्याला सांगितलं."

मुलीने वहीचे ते पान फाडून आजींच्या हातात दिले. मी संध्याकाळी तिच्याशी हुज्जत घातली. अगं, अंगठा झाला आहे, नियमाने ते तुझेच आहे; तुझ्या निबंधाचा प्राण तोच; हवे तर तेवढ्यापुरते नाव बदल. ती म्हणाली, "सर, पण आजी नको म्हणाल्या ना."

नियमाने एकदाच विचारायला सांगितले होते. दुसऱ्यांदा विचारायला कोणी सांगितले नव्हते.

त्या रात्री मला झोप आली नाही, ती त्या मुलीमुळे नव्हे. माझ्या दुसऱ्या कादंबरीत एक मावशी आहे. ती माझी सख्खी मावशी. तिच्या संसारातली एक उघडी न पडलेली गोष्ट तिने माझ्या आईपाशी सांगितली होती. मी दाराआडून ऐकली होती. मी नाव बदलले, गाव बदलले, आणि स्वतःला कलावंत म्हणवून मोकळा झालो. मावशीला वाचता येत नाही. एका दुपारी कोणीतरी तिला ती पाने वाचून दाखवली.

आता, विचारून विचारून लिहायचे म्हटले तर कादंबरी उरेल का, हा प्रश्न मला खोटा वाटत नाही. माणसांच्या झाकल्या दुःखांतूनच आमचे वाङ्मय उभे राहते, आणि जो तो 'नको' म्हणू लागला तर आम्ही लिहावे काय? हे मी आजही म्हणतो. पण त्या विशीतल्या पोरीपुढे हे म्हणायला माझी जीभ रेटेना. मला 'नको' हे उत्तर मिळाले नव्हते, कारण मी विचारलेच नव्हते.

पुढे टपालाने तिचा निबंध आला. बावीस पाने, इंग्रजीत; सोबत तिच्या वळणदार अक्षरात एक पान मराठी सारांश. आमच्या हायस्कुलातल्या इंग्रजीच्या शिक्षकांनी तो वाचून सांगितले, की यात नवे असे काही नाही. नसेलही. मी तो आजींकडे नेला, त्यांचे बोट धरून त्यांच्या नावावर ठेवले. त्यांनी ते अक्षर चाचपले.

"ते न्हाई ना यात?"

"नाही."

त्यांनी कागद घडी न घालता पेटीत, रेशनकार्डाखाली ठेवला.

मावशीकडे मी दर दिवाळीला फराळाचे ताट धाडतो. आमच्याकडे कोणाचे ताट रिकामे परत करीत नाहीत. निदान चिमूटभर साखर तरी घालतात. मावशीकडून ते घासूनपुसून, लख्ख, रिकामे येते. यंदा चकल्या बऱ्या झाल्या आहेत. ताट भरून ओट्यावर ठेवले आहे. मुलाच्या हाती द्यावे की स्वतः न्यावे, एवढेच अजून ठरत नाही.