प्राजक्ताचं खरं नाव

आजीच्या लाखोलीचा हिशेब चिंचोक्यांत असायचा. शंभर फुलं वाहून झाली की एक चिंचोका डब्यातून काढून ताम्हनाशेजारी ठेवायचा. असे हजार चिंचोके जमले की लाख पुरा. चातुर्मासात अंधार असतानाच ती मला उठवायची. अंगणातल्या प्राजक्ताखाली तिचं धुवट जुनेर अंथरलेलं असे. चारी टोकं धरून ते अलगद उचलून आणायचं काम माझं. एकेका फुलाबरोबर ती विष्णूचं एकेक नाव घ्यायची. सहस्रनाम तोंडपाठ होतं, म्हणजे लाख फुलांना शंभर आवर्तनं. खाली पडलेलं फूल देवाला चालत नाही, हा आमच्या घरातला कडक नियम. तो फक्त प्राजक्ताला लागू नव्हता. का, असं मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, ते पडत नाही, उतरतं."

पुढे मी वनस्पतिशास्त्र शिकले आणि तीस वर्षं तालुक्याच्या गावी ते शिकवलं. दरवर्षी कुणीतरी विचारायचंच, "मॅडम, पण ह्याचं खरं नाव काय?" मी फळ्यावर लिहायचे : निक्टॅन्थस आर्बोर-ट्रिस्टिस. फोड करून सांगायचे की पहिला शब्द ग्रीक, रात्री फुलणारं. दुसरी जोडी लॅटिन, दुःखी झाड. लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1753 साली हे नाव छापलं, तेव्हापासून जगभर हेच. एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, पण दुःखी कशावरून? आमच्याकडे तर हे कृष्णाने स्वर्गातून आणलंय." वर्ग हसला. मी तास पुढे नेला, पण त्या प्रश्नाने माझा पिच्छा सोडला नाही.

त्या 'दुःखी'चा माग काढत मी गोव्यापर्यंत पोचले. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य 1534 साली गोव्यात आला आणि अखेरपर्यंत इथेच राहिला. मुंबईचं बेटही काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. इथली औषधं, फळं, झाडं यांवरचा त्याचा संवादरूपी ग्रंथ 1563 साली गोव्यातच छापला गेला. इथे ऐकलेली एक कथा त्याने त्यात दिली आहे. एका सरदाराची मुलगी सूर्याच्या प्रेमात पडली, सूर्याने तिला टाकलं, तिने जीव दिला. तिच्या राखेतून हे झाड उगवलं. त्याला सूर्याचं तोंड पाहवत नाही, म्हणून दिवस उजाडायच्या आत ते फुलं ढाळतं. क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1567 साली ओर्ताच्या ग्रंथाचा लॅटिन सारांश काढला, युरोपातल्या वनस्पतिग्रंथांतून 'दुःखी झाड' फिरत राहिलं आणि शेवटी लिनियसकडे पोचलं. म्हणजे ज्याला मी तीस वर्षं शास्त्रीय नाव म्हणून शिकवलं, ते आपल्याच किनाऱ्यावर कुणीतरी सांगितलेल्या गोष्टीचं लॅटिन रूप आहे.

ओर्ताला ती गोष्ट लिहून ठेवावीशी का वाटली असेल, याचा विचार मी पुष्कळ केला आहे. त्याचे आईवडील ज्यू. 1492 साली स्पेनमधून हाकलले गेलेले आणि पाचच वर्षांनी पोर्तुगालमध्ये सक्तीने ख्रिस्ती केले गेलेले. गोव्यात धर्मन्यायालय 1560 साली आलं. ओर्ता 1568 मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कॅटरिनाला, जिवंत जाळण्यात आलं. 1580 साली ओर्ताची हाडं उकरून जाळली, कारण तो ख्रिस्ती नाव लावून ज्यूच राहिला असा निवाडा झाला. माणसाचं नाव एक आणि अंतरंग दुसरं, या शंकेने त्याला मेल्यावरही सोडलं नाही. आज पणजीत चर्चच्या समोरच्या बागेला त्याचं नाव आहे. मी तिथे अर्धा तास नुसती बसले होते.

आता आपली बाजू. पारि म्हणजे समुद्र, त्यातून जन्मलेला तो पारिजात. मंथनातून वर आला, इंद्राच्या नंदनवनात गेला, सत्यभामेच्या हट्टापायी भूमीवर आला. मात्र पुराणातला पारिजात म्हणजे अंगणातला प्राजक्तच, असं छातीठोक सांगता येत नाही. संस्कृत कोशांत पारिजात या शब्दापुढे पांगाराही सापडतो. उत्तर प्रदेशात बाराबंकी जिल्ह्यात किंतूर नावाचं गाव आहे. तिथे 'पारिजात' म्हणून पुजलं जाणारं झाड आहे गोरखचिंचेचं, ज्याला वनस्पतिशास्त्र अ‍ॅडान्सोनिया म्हणतं आणि ज्याचं मूळ आफ्रिकेत आहे. एक नाव, तीन झाडं. आणि त्या अंगणातल्या एका झाडाला बंगालात शिउली, हिंदीत हरसिंगार, तमिळमध्ये पोवळ्यासारख्या देठावरून पवळमल्ली.

मग किंतूरला नारळ फोडणारी बाई चुकीच्या झाडाला नमस्कार करते का?

तरुणपणी मी 'हो' म्हटलं असतं. आज म्हणत नाही, आणि हे भावनेच्या भरात बोलत नाही. नावाची चूक कुठे प्राणाशी येते ते मला माहीत आहे. सोसायट्यांच्या कुंपणालगत उंच, सरळसोट वाढणारं जे झाड आपण अशोक म्हणून लावतो, तो सीतेचा अशोक नव्हे. खरा सीता-अशोक, सराका असोका, केशरी-लाल घोसांचा. त्याची साल बायकांच्या विकारांवर देतात आणि बाजारात तिच्यात त्या खोट्या अशोकाच्या सालीची भेसळ होते. तिथे नाव काटेकोर हवं. तिथे दोन नावांची गल्लत करणाऱ्याला मी क्षमा करणार नाही. झाडाकडून काही घ्यायचं असेल, तर त्याची ओळख पटवूनच घ्यावं. नमस्कार करणारा त्याच्याकडून साल नेत नाही, मूळ खणत नाही. त्याच्या नमस्कारात ते झाड किंतूरच्या मातीत शतकानुशतकं जपलं गेलं. नाव चुकलं असेल, जपणूक खरी आहे.

ज्ञानेश्वरांनी अमृतानुभवात 'शब्दखंडन' नावाचं एक प्रकरणच लिहिलं आहे. गंमत अशी की शब्दाचं खंडन करायच्या आधी ते त्याची मनापासून थोरवी गातात. शब्द आठवण करून देतो, ही त्याची ख्याती, असं ते मानतात. मग पुढे विचारतात, की आत्म्याला स्वतःचा विसर पडलेलाच नाही, तर शब्द तिथे कुणाला आठवण देणार? हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे प्राजक्त आला. त्याला स्वतःचं नाव लागत नाही. पारिजात म्हटल्याने तो समुद्रातून आला नाही आणि ट्रिस्टिस म्हटल्याने तो रडला नाही. विसर आपल्याला पडतो, म्हणून नाव आपल्याला लागतं. बंगाल्याला शिउली म्हटल्याबरोबर दुर्गापूजा आठवते. गोव्याच्या त्या कथेत कुणा मुलीचं दुःख आठवत राहतं. मला फळ्यावरच्या लॅटिनपेक्षा जुनेर आठवतं. यातलं कुठलं नाव खरं, हा प्रश्नच मी सोडून दिला आहे. कुठल्या नावाने आपण त्या झाडापाशी थांबतो, एवढं मी पाहते.

आजीच्या सहस्रनामात न्यग्रोध, उदुंबर, अश्वत्थ ही तीन नावं लागोपाठ येतात. वड, उंबर, पिंपळ. तिन्ही विष्णूचीच नावं. वनस्पतिशास्त्रातही ही तिन्ही झाडं एकाच प्रजातीत, फायकसमध्ये, बसतात. पिंपळाला तर लिनियसने रिलिजिओसा म्हटलं, इथल्या लोकांची भक्तीच त्याच्या नावात घातली. अश्वत्थ म्हणजे जो उद्यापर्यंत राहत नाही, असा अर्थ शंकराचार्यांनी केला आहे. शेकडो वर्षं जगणाऱ्या पिंपळाला तो लावण्यात संसाराबद्दलचं तत्त्वज्ञान आहे. माझ्या मनात मात्र तो शब्द सकाळी जुनेरावर पडलेल्या प्राजक्ताच्या फुलांना चिकटून बसला आहे.

गेल्या वर्षी आमच्या गावच्या देवळाच्या आवारातल्या झाडांना पाट्या लागल्या. प्राजक्तावर फक्त लॅटिन नाव होतं. मी विश्वस्तांना भेटले, त्यांनी पाटी बदलली. आता तिच्यावर वरती प्राजक्त, खाली पारिजातक, हरसिंगार, शिउली, पवळमल्ली आणि सगळ्यांत खाली निक्टॅन्थस आर्बोर-ट्रिस्टिस असं लिहिलं आहे. तुमच्या बागेत, शाळेत, देवळात झाडांना पाट्या लावत असाल, तर शास्त्रीय नाव अचूक लिहाच. पण आधी जवळच्या एखाद्या म्हाताऱ्या बाईला विचारा, ती त्या झाडाला काय म्हणते. तेही लिहा.