कारण शोधण्याची घाई

जुलै २०१७ च्या अखेरीस अंधेरी पूर्वेत चौदा वर्षांच्या एका मुलानं आयुष्य संपवलं. पाठोपाठ वृत्तवाहिन्यांना गुन्हेगारही सापडला: ‘ब्लू व्हेल’ नावाचा इंटरनेटवरचा खेळ. विधिमंडळात चर्चा झाली. ऑगस्टमध्ये केंद्र सरकारनं गूगल, फेसबुक वगैरे कंपन्यांना त्या खेळाचे दुवे काढून टाकायला सांगितलं. सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर इशारे फिरले, मुलांचे फोन जप्त झाले. देशभरातल्या अशा संशयित मृत्यूंमध्ये इंटरनेटचा वापर, कॉलच्या नोंदी, समाजमाध्यमांवरचा वावर तपासून झाल्यावर जानेवारी २०१८ मध्ये सरकारनं संसदेत सांगितलं, की एकाही प्रकरणात या खेळाचा संबंध सिद्ध झालेला नाही. हे उत्तर पुढे पाठवावं असं फारसं कुणाला वाटलं नाही.

त्या मुलाच्या घराविषयी मला काहीही म्हणायचं नाही. ते दुःख त्यांचं आहे, आणि त्यावर तर्क लढवायचा अधिकार बाहेरच्या कुणालाच नाही. प्रश्न आपला, उरलेल्यांचा आहे. तो खेळ आपल्याला इतका पटकन पटला, कारण त्यानं आपली सुटका केली. दोषी दूर परदेशात कुठेतरी बसलेला असला, की शाळेतल्या छळाबद्दल, घरातल्या रोजच्या भांडणांबद्दल, मुलाच्या महिनोन्‌महिने बिघडलेल्या झोपेबद्दल कुणाला काही विचारावं लागत नाही. २०१० च्या जानेवारीत मुंबईत विद्यार्थ्यांच्या आत्महत्या लागोपाठ घडल्या, तेव्हा काहींनी नुकत्याच आलेल्या ‘थ्री इडियट्स’ चित्रपटाकडे बोट दाखवलं होतं. दरवर्षी निकालाच्या आठवड्यात तेच बोट टक्केवारीकडे वळतं.

परीक्षेचा ताण खोटा नाही. पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा २०२१ चा अहवाल पाहा. अठरा वर्षांखालच्या १०,७३२ मुलामुलींनी त्या वर्षी जीव दिला. परीक्षेतलं अपयश हे कारण ८६४ जणांच्या नावापुढे आहे. कौटुंबिक समस्या ३,२३३ जणांच्या. त्याखालोखाल प्रेमप्रकरणं आणि आजारपण. ही कारणं पोलिसांनी एका रकान्यात भरलेली, म्हणजे ढोबळच. तरीही निकालाच्या दिवशी जागं होणारा समाज उरलेलं वर्षभर कुठे असतो, हा प्रश्न ते आकडे विचारतातच.

मुळात ‘कारण’ एक नसतंच. नैराश्य, पूर्वी केलेला प्रयत्न, घरातलं व्यसन किंवा मारहाण, लैंगिक अत्याचार, वर्गातली हेटाळणी, आपण इतर मुलामुलींसारखे नाही ही दडवून ठेवलेली जाणीव, कुटुंबात आधी झालेली आत्महत्या, असं बरंच काही साचत जातं. त्यावर एखादं क्षुल्लक निमित्त पडतं आणि आपण त्या निमित्तालाच कारण म्हणतो: ‘मोबाइल दिला नाही म्हणून’. या वयात भावनांचा वेग मोठा आणि त्यांना आवर घालणारा मेंदूचा भाग अजून घडत असतो. म्हणून टोकाचा विचार आणि कृती यांतलं अंतर कधीकधी फार कमी असतं. पण तो तीव्र क्षण ओसरतो, हेही तितकंच खरं. त्या वेळी जवळ माणूस असणं आणि घरातली औषधं, विषारी द्रव्यं हाताशी नसणं, एवढ्यानंही जीव वाचतात.

उपनगरातल्या घरांचा विचार इथे करायलाच हवा. घाटकोपरच्या चाळीत किंवा झोपडपट्टी पुनर्वसनाच्या (एसआरए) तीनशे चौरस फुटांत पाच माणसं राहतात, तिथे पंधरा वर्षांच्या मुलीला रडायलाही जागा नसते. आईवडील सकाळच्या लोकलनं जातात, रात्री दमून येतात. मुलगी शाळेतून क्लासला, क्लासमधून घरी. तिची स्वतःची म्हणावी अशी खोली एकच, ती म्हणजे फोन. तो काढून घेतला की शिस्त लागली असं आपल्याला वाटतं. तिच्या लेखी मैत्रिणीशी बोलायचं दार बंद झालेलं असतं. बोरिवली-मुलुंडच्या टॉवरमध्ये खोली असते, पण दाराबाहेरचं मौन तेच.

‘मी नसते तर तुमचा त्रास वाचला असता’ असं मूल म्हणतं, आवडीच्या वस्तू वाटून टाकतं, मित्रांपासून तुटतं, आणि आपण म्हणतो, ‘नाटकं करतेय’, ‘वयच तसं आहे’. मला हे शेरे सर्वांत घातक वाटतात. लक्ष वेधून घ्यायला करत असेल, तर लक्ष द्यायला हवं इतकाच त्याचा अर्थ. विषय काढला तर डोक्यात नसलेलं भरवलं जाईल, ही भीती संशोधनानं निराधार ठरवली आहे. शांतपणे थेट विचारल्यानं धोका वाढत नाही. धोका वाढतो तो मृत्यूची पद्धत रंगवून सांगणाऱ्या बातम्यांनी. प्रेस कौन्सिलनं २०१९ मध्ये त्याबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या. २०१७ मध्ये मात्र त्या खेळाच्या कथित पायऱ्या आपल्या माध्यमांनी मुलांसमोर जशाच्या तशा मांडल्या होत्या.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायला सांगितलं. कोचिंग क्लासही त्यातून सुटलेले नाहीत. आपल्या मुलाच्या शाळेत आणि क्लासमध्ये ती व्यक्ती कोण आहे, आठवड्यातून किती दिवस येते आणि मूल तिच्याकडे गेलं तर वर्गात बभ्रा होतो का, हे पुढच्या पालकसभेत विचारा. गुणपत्रिकेआधी विचारा.

आणि घरी शंका आली, तर आजच मुलाजवळ बसा आणि स्पष्ट शब्दांत विचारा: ‘जगू नये असं वाटतं का? जीव द्यावासा वाटतो का?’ उत्तर ‘हो’ आलं, तर ओरडू नका, शपथा घालू नका, त्याला एकटं सोडू नका. टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र सुरू असतो, फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं. कूपर, सायन, केईएम या पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. तिथे मुलाला घेऊन जा, आणि धोका समोर दिसत असेल तर सकाळची वाट पाहू नका.