अंकाआधीची वागणूक

फॉस्फरसच्या अणूत संयुजा इलेक्ट्रॉन किती? शाळेतल्या मुलाला हे उत्तर काढायला अर्धा मिनिटही लागत नाही. फॉस्फरसचा अणुअंक 15, म्हणजे अणूत इलेक्ट्रॉन 15. पहिल्या कवचात 2, दुसऱ्यात 8, उरलेले 5 सर्वांत बाहेरच्या कवचात. उत्तर पाच. याहून जवळची वाटही आहे. आवर्तसारणीत फॉस्फरस 15 व्या गणात बसतो, त्यातून दहा वजा केले की झालं. पहिल्या दोन गणांत गणाचा क्रमांक हेच उत्तर आणि 13 ते 18 या गणांत क्रमांकातून दहा वजा, एवढं पाठ असलं की गुण हातचे जात नाहीत.

या सोपेपणात एक गोष्ट हरवते, असं मला मनापासून वाटतं. मुलांची समजूत अशी होते की अणू वर्तन करतो ते अंकाच्या आज्ञेनं. ज्ञानाचा प्रवास मात्र उलट दिशेनं झाला आहे. आधी माणसानं मूलद्रव्यांची वागणूक पाहिली, अंक नंतर आला.

इंग्लंडचे रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांनी 1852 साली नायट्रोजन, फॉस्फरस, अँटिमनी यांच्या संयुगांकडे बारकाईनं पाहिलं. हे अणू इतरांशी जोडले जाताना एकेका अणूच्या वाट्याला कधी तीन सोबती येतात, कधी पाच, हे त्यांच्या ध्यानात आलं. फॉस्फरस क्लोरीनच्या तीन अणूंशीही संयोग पावतो आणि पाच अणूंशीही. संयुजा ही कल्पना या निरीक्षणातून रुजली. इलेक्ट्रॉनचा शोध लागायला तेव्हा आणखी 45 वर्षं होती.

मेंडेलीव्ह यांनी 1869 साली आवर्तसारणी मांडली ती अणुवस्तुमानाच्या चढत्या क्रमानं. तरी एका ठिकाणी त्यांनी तो क्रम मोडला. टेल्युरिअम आयोडीनपेक्षा जड, म्हणून ते नंतर यायला हवं होतं. पण आयोडीनचं वागणं क्लोरीन आणि ब्रोमीनसारखं होतं, त्याला त्यांच्या रांगेतच जागा हवी होती. मेंडेलीव्ह यांनी टेल्युरिअम आधी ठेवलं आणि त्याचं वस्तुमान मोजण्यात चूक झाली असावी असं मानलं. मोजणीत चूक नव्हती, वस्तुमान हा निकषच अपुरा होता. हेन्री मोस्ले यांनी 1913 साली क्ष-किरणांच्या साहाय्यानं मूलद्रव्यांचे खरे क्रमांक दाखवून दिले, तेव्हा टेल्युरिअम 52 वं आणि आयोडीन 53 वं ठरलं. वागणुकीवर ठेवलेला विश्वास 44 वर्षांनी खरा ठरला. पुढे 1916 साली गिल्बर्ट लुईस यांनी बाहेरच्या इलेक्ट्रॉनांचा संयोगाशी असलेला संबंध मांडला आणि चिन्हाभोवती ठिपके देण्याची रीत आली. आज मुलं वहीत काढतात ते ठिपके हेच.

पण पाचच का, सहा का नाहीत? हा प्रश्न खुद्द अणूलाच विचारता येतो. फॉस्फरसच्या अणूतून एकेक इलेक्ट्रॉन काढत गेलं तर दर वेळी आधीपेक्षा जास्त ऊर्जा खर्च होते. पहिल्या पाचांपर्यंत ही वाढ पायरीपायरीनं होते. सहाव्याला मात्र पाचव्याच्या तिपटीहून जास्त ऊर्जा लागते, कारण तो आतल्या, केंद्रकाच्या जवळच्या कवचातला असतो. सोडिअमच्या बाबतीत ही उडी दुसऱ्याच इलेक्ट्रॉनला येते आणि ती जवळजवळ नऊपट असते. म्हणून सोडिअमचा संयुजा इलेक्ट्रॉन एकच. कवचांची आकृती हे या अनुभवाचं चित्र आहे.

हे ध्यानात ठेवलं की अपवाद खुपत नाहीत. हेलिअमच्या बाह्य कवचात दोन इलेक्ट्रॉन आहेत. नुसती संख्या पाहिली तर त्याची जागा बेरिलिअमच्या डोक्यावर, दुसऱ्या गणात. पण दोन इलेक्ट्रॉनांनीच त्याचं कवच पूर्ण भरतं आणि तो कुणाशी संयोग पावत नाही, म्हणून त्याला निष्क्रिय वायूंच्या 18 व्या गणात बसवलं आहे. तिथे पूर्ण कवचात आठ इलेक्ट्रॉन हवेत हा नियमही लागू नाही आणि दहा वजा करण्याचाही. लोहाची गोष्ट आणखी वेगळी. मधल्या दहा गणांतल्या धातूंमध्ये बाहेरच्या कवचाच्या आतले काही इलेक्ट्रॉनही संयोगात भाग घेऊ शकतात. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या लोहाची संयुजा दोन असते, गंजलेल्या खिळ्यावरच्या लोहाची तीन. 13 व्या गणापासून दहा वजा करायचे ते या दहा गणांमुळेच.

या ज्ञानाचं मोल रोजच्या जगण्यातही आहे. सिलिकॉनचे संयुजा इलेक्ट्रॉन चार. त्याच्या स्फटिकात फॉस्फरसचे थोडे अणू मिसळले की चार इलेक्ट्रॉन शेजाऱ्यांशी बंध करण्यात गुंततात आणि पाचवा सैल राहतो. तो वीज वाहून नेतो. छपरावरचं सौर पॅनेल आणि खिशातला फोन अशा सैल इलेक्ट्रॉनांवर चालतात.

म्हणून शिक्षकांना माझी एक विनंती आहे. नियम अवश्य शिकवा, तो खरा आहे आणि उपयोगीही आहे. पण फळ्यावर 2, 8, 5 लिहिण्याआधी फॉस्फरसच्या सहा इलेक्ट्रॉनांना लागणाऱ्या ऊर्जेचे सहा आकडे लिहा आणि उडी कुठे आहे ते मुलांना शोधू द्या. पाच हे उत्तर त्यांचं त्यांनाच सापडेल, आणि स्वतः शोधलेलं उत्तर परीक्षेनंतरही विसरत नाही.